दमले म्हणायचं नाही

'वात' हा शब्द मराठीत मोठा द्वाड आहे. समईत जळते ती वात. गुडघे धरतो तो वात. आणि सकाळपासून एखादं माणूस नको जीव करतं, तेव्हा ते आपल्या डोक्याला आणतं तोही वातच. एका कंपनीनं आपल्या नव्या वैद्यकीय यंत्राचं नाव 'वात' ठेवलं, तेव्हा नाव ठेवणाऱ्याच्या डोळ्यांपुढे नुसती समई असणार. मिरजेत मात्र ही वात आली आणि महिन्याभरात तिन्ही अर्थ कामाला लागले.

केतकी आवटी नोकरीला होती वीज कंपनीच्या नियंत्रण कक्षात. कुठल्या गावचा भार कुठल्या वाहिनीवर टाकायचा हे बघणं तिचं काम. पण सांगली-मिरजेत तिला ओळखत ते 'भिंगरी'ची केतकी म्हणून. भिंगरी हा मंगळागौरीचे खेळ खेळणाऱ्या बायकांचा गट, तो केतकीनंच लग्नानंतर दोन वर्षांत उभा केला होता. पूर्वी नव्या सुना श्रावणात घरच्या सोप्यात हे खेळ खेळायच्या. आता नाट्यगृहं भरतात, परीक्षक बसतात, जिल्ह्याची अंतिम फेरी होते. आणि भिंगरीची ओळख म्हणजे शेवटची फुगडी. केतकी आणि तिची जिवाभावाची मैत्रीण भाग्यश्री मगदूम. दोघी हातांची तिढी घालून मागे रेलायच्या आणि अशा गरगरायच्या की बघणाऱ्यालाच भोवळ यावी. ही झाली तीन वर्षांपूर्वीची गोष्ट.

मग केतकीचा थायरॉइड मंदावला. ऐन वैशाखात ती स्वेटर घालून बसायची. नवऱ्यानं, तुषारनं, पंखा लावला की ती बंद करायची, आणि घरातलं निम्मं भांडण त्या पंख्यावर व्हायचं. सकाळी उठतानाच अंग शिशाचं झालेलं असे. गोळी चालू होती, रक्ताचा अहवाल चांगला येत होता, आणि केतकी मात्र जिना चढताना मधल्या पायरीवर उगाच मोबाइल काढून बघत उभी राहायची. वजन वाढलं ते वाढलंच. खाणं कमी केलं तरी काटा ढिम्म हलेना. "बसून बसून अंग सुटलंय," असं गल्लीत कुणीतरी म्हणालं, आणि ते तिच्यापर्यंत नीट पोचलं. असली वाक्यं पोचवायला मिरजेत माणसं कमी नाहीत.

ज्येष्ठात भाग्यश्री घरी आली. चहा झाला, चिवडा झाला, तरी तिची गाडी मुद्द्यावर येईना.

"बोल की आता," केतकी म्हणाली.

"श्रावणातल्या शेवटच्या मंगळवारी सांगलीला अंतिम फेरी हाय. बाकीच्या म्हणतात, फुगडीला सायलीला घेऊ या. केतकीनं गाणं सांभाळावं."

सायली म्हणजे भाग्यश्रीची सून. तेवीस वर्षांची, वेताच्या छडीसारखी.

"आणि तू काय म्हणतेस?"

"मी म्हटलं, केतकी नाही तर मी पण नाही." भाग्यश्रीनं कप खाली ठेवला. "पण मला तोंडघशी पाडू नकोस बाई. खेळणार असशील तर खरंच खेळ."

केतकीनं मान डोलावली. जिनं गट उभा केला तिनं कोपऱ्यात बसून गाणी म्हणायची, हे तिच्या घशाखाली उतरेना. त्याच आठवड्यात तिनं डॉक्टर नाझनीन मुजावरांकडे वात बसवायला नाव दिलं.

मुजावरबाई समजावून सांगण्यात वाकबगार. "गळ्यातली ही ग्रंथी दोन हार्मोन्स करते," त्या म्हणाल्या. "एक साठवणीचं, एक कामाचं. आपण गोळीतून साठवणीचं देतो. त्याच्यातला आयोडीनचा एक अणू काढून टाकला की कामाचं तयार होतं. हे काम शरीर आपलं आपण करतं. बहुतेकांचं झकास होतं, काहींचं अर्धवट. मेंदूखालची जी ग्रंथी या सगळ्यावर लक्ष ठेवते, तिला स्वतःपुरतं पुरेसं मिळालं की ती गप्प बसते, आणि आपला अहवाल चांगला येतो. पायांच्या स्नायूंना मिळालं का, हे कोण विचारणार?"

"आणि वात विचारते?"

"वात म्हणजे तुमच्याच कातडीच्या पेशींपासून वाढवलेल्या थायरॉइडच्या पेशी. भडंगातल्या चुरमुऱ्याएवढ्या कुपीत भरायच्या आणि दंडात बसवायच्या. कुपीची छिद्रं इतकी बारीक, की हार्मोन बाहेर पडतं, पण तुमची मूळ ग्रंथी ज्यांनी खाल्ली त्या प्रतिपिंडांना आत शिरता येत नाही. दोन्ही हार्मोन्स ताजी, लागतील तशी. प्रश्न एकच, वात किती मोठी ठेवायची? प्रत्येकाचं माप वेगळं. कमी पडलं तर तुमची आताची गत. जास्त झालं तर छाती धडधडणार, हाडं झिजणार. म्हणून मनगटात ही बांगडी. ती अंगाची ऊब बघते, नाडी बघते, चालणं-झोपणं बघते. आणि दिवसातून तीनदा विचारते, कसं वाटतंय? शेवटचं मत तुमचं. तुमची तक्रार असल्याशिवाय ती वात मोठी करत नाही."

"आणि वजन?"

मुजावरबाई हसल्या. "ते जादूनं उतरणार नाही. थायरॉइडच्या नावावर जमतात ते चार-पाच किलो, आणि त्यातही पाणीच जास्त. बाकीचं तुमचं नि माझं, आपल्या जिभेचं. ते हलूनच उतरवायचं. वात फक्त हलायची ताकद देईल."

एवढं रोखठोक बोलणारा डॉक्टर केतकीला आवडला.

आषाढात वात बसली. पहिले पंधरा दिवस बरे गेले. केतकी सकाळी दंडोबाच्या डोंगराच्या पायथ्यापर्यंत गाडीनं जायची आणि चढायला लागायची. संध्याकाळी सराव. मग सगळं अडलं. पाय पुन्हा शिशाचे झाले, काटा पुन्हा रुसला. आणि दिवेलागणीला बांगडी गोड आवाजात विचारायची, "केतकीताई, कसं वाटतंय?"

"कंटाळा आलाय," केतकी म्हणायची.

"थोडं मन रमवू या का? जुनी गाणी लावू? मैत्रिणीशी बोलता?"

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी बांगडीनं तिला भरतकाम शिकायचं सुचवलं. "वात आणलाय नुसता या वातीनं!" केतकी करवादली, आणि तुषार पोट धरून हसला. तिच्या सासूबाई, सुलभाताई, देवापुढची फुलवात पुढे सारत म्हणाल्या, "पैसे देऊन दंडात भरून घेतलाय वात. आमच्या वेळी फुकट यायचा."

आता केतकी कंटाळा का म्हणायची, ते सांगायला हवं. लग्न होऊन ती या घरात आली, सत्यनारायणाची पंगत उठली, आणि ती सहज बोलून गेली होती, "दमले बाई." सुलभाताईंनी तिला बाजूला घेऊन मायेनंच सांगितलं होतं, "दमले म्हणू नये गं. घराचा दम जातो. कंटाळा आला म्हणावं." यात सुलभाताईंचं काही जगावेगळं नव्हतं. आपल्याकडे नारळ फोडत नाहीत, वाढवतात. बांगडी फुटत नाही, वाढते. निघालेलं माणूस 'जाते' म्हणत नाही, 'येते' म्हणतं. वाईट शब्द उंबऱ्याबाहेर ठेवायची आपली ही जुनी रीत. केतकीनं ती उचलली आणि वीस वर्षांत ती जिभेवर इतकी बसली, की दमले हा शब्द तिला आठवेनासाच झाला होता.

श्रावण लागला. सरावाच्या हॉलमध्ये शेवटची फुगडी सुरू झाली. दोनचार फेऱ्या झाल्या आणि केतकीच्या हातातलं बळ कुणीतरी नळ सोडल्यासारखं ओसरायला लागलं.

"कंटाळा आलाय गं, थांबू या जरा," ती म्हणाली.

"आता कंटाळून चालायचं नाही!" भाग्यश्री फणकारली आणि तिनं वेग वाढवला.

फुगडीत हात सोडणं याच्यासारखं पाप नाही. दोघी एकमेकींच्या भरवशावर मागे रेललेल्या असतात. केतकीनं हात सोडला नाही, तो सुटला. भाग्यश्री भेलकांडत जाऊन कोपरावर आपटली. केतकी दुसरीकडे पडली, आणि तिच्या मनगटातली बांगडी टचकन तडकली.

सायली धावत पाणी घेऊन आली. कोपर मोडलं नव्हतं, पण चांगलं सोललं होतं.

"दमली होतीस, तर सांगता येत नाही व्हय?" भाग्यश्रीच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते कोपराचं नव्हतं.

"अगं, सांगितलं की! पंधरा दिवस सांगतेय, कंटाळा आलाय म्हणून!"

"मला वाटलं, तुला माझाच कंटाळा आलाय." भाग्यश्रीनं पदरानं नाक पुसलं. "म्हटलं, हिला आता खेळायचंच नाही. माझ्यासाठी ओढून-ताणून येते."

वीस वर्षांची मैत्रीण, आणि पंधरा दिवस हे मनात घेऊन हिंडत होती.

घरी आल्यावर सुलभाताईंनी सुनेचं मनगट बघितलं, आणि तिला शेकायला बसवून वात बनवणाऱ्या कंपनीच्या मदतकेंद्राला स्वतःच फोन लावला. पलीकडेही यंत्रच होतं.

"आमच्या सुनेची बांगडी वाढलीय हो," सुलभाताई म्हणाल्या.

"अरे वा! आपल्याला मोठ्या मापाची बांगडी हवी आहे का?"

"मोठी नको. वाढली म्हणते मी. वाढली!"

"किती वाढली आहे, ते मोजून सांगाल का?"

तुषार हसून हसून आडवा पडला. सुलभाताईही हसल्या. केतकी मात्र शेकायचं फडकं हातात धरून तशीच बसून राहिली. भाग्यश्रीला जे कळलं नाही, ते या यंत्राला कुठून कळणार? आपण फुटलीला वाढली म्हणतो. आणि 'दमले'ला?

दुसऱ्या दिवशी तिनं मुजावरबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी बांगडीनं घेतलेला अर्थ पडद्यावर उघडून बघितला. यंत्राच्या लेखी थकवा शरीराचा आणि कंटाळा मनाचा. शरीराची तक्रार एकदाही नोंदली गेली नव्हती, मग वात मोठी करायची कशाला? केतकीची वात पहिल्या पंधरवड्यापासून तसूभरही हलली नव्हती.

मुजावरबाई आधी हसल्या. मग त्यांचं हसू मावळलं.

"मागच्या महिन्यात कंपनीनं अहवाल काढलाय," त्या म्हणाल्या. "वात बसवलेल्यांत सगळ्यांत जास्त कंटाळलेल्या बायका महाराष्ट्रातल्या. आम्ही डॉक्टरांनी त्यावर चर्चासत्र भरवलं हो! छंद जोपासा, सहलीला जा, असले सल्ले दिले मी स्वतः. आणि दवाखाना आटोपून घरी गेल्यावर मी काय म्हणते? पर्स टाकते आणि म्हणते, कंटाळा आला बाई!"

"तुम्ही तुमच्या हातानं वात मोठी करा ना."

"करेन थोडी. पण थांबायचं कुठं, ते मला कसं कळणार? रोजच्या रोज खरं सांगणारं माणूस हवं. यंत्राचा शब्दार्थ बदलायला मी कळवते, पण त्यांच्या चाचण्या होईपर्यंत श्रावण संपेल." त्यांनी केतकीकडे बघितलं. "यंत्र शिकेल तेव्हा शिकेल. तोवर तुम्ही खरं बोला."

सोपं वाटतं ऐकायला. त्या दिवशी दिवेलागणीला सुलभाताई देवापुढे बसल्या होत्या. मुजावरबाईंनी दिलेल्या नव्या बांगडीनं विचारलं, "केतकीताई, कसं वाटतंय?"

"कं..." केतकी अडखळली. वीस वर्षांची सवय दातांमागे येऊन उभी राहिली. तिनं एकदा सासूच्या पाठीकडे बघितलं.

"दमले," ती म्हणाली.

सुलभाताई वळल्या. "काय म्हणालीस?"

"दमले म्हणाले, आई. खरंच दमलेय. तीन वर्षं झाली."

"अगं, दिवेलागणीच्या वेळी! घराचा दम..."

"घराचा राहू दे, आई. माझा गेलाय."

सुलभाताईंनी आत जाऊन भांडी जरा जोरातच आपटली. रात्री जेवताना मात्र पहिली गरम भाकरी केतकीच्या ताटात पडली. वरनं तूपही.

वात हळूहळू मोठी होत गेली. केतकीनंही व्यायामाची तऱ्हा बदलली. अंग मोडेस्तोवर डोंगर चढायचा आणि मग दोन दिवस अंथरूण धरायचं, हे बंद. जमेल तेवढं चढायचं, दमायच्या जरा आधी थांबायचं, दगडावर बसायचं, पुन्हा उठायचं. दिवसभर वाहिन्यांवरचा भार सांभाळणारी बाई ती. एकाच वाहिनीवर सगळा भार टाकला की काय होतं, हे तिला दुसऱ्या कुणी शिकवायला नको होतं. स्वतःच्या अंगाला लावायचं तेवढं राहिलं होतं. आणि एका दुपारी केतकीनं उठून आपल्या हातानं पंखा लावला. तुषार पेपरमधून डोकं काढून बघतच राहिला. "आई," तो ओरडला, "हिला उकडायला लागलं!" घरात सण असल्यासारखा त्यानं आनंद केला.

वजनाचा काटाही हलला. केतकी काही सायली झाली नाही, आणि होणारही नव्हती. भाग्यश्रीपेक्षा ती अजून चांगली भारी होती. पण त्यातूनच एक गंमत उमगली. दोन माणसं एकमेकांना धरून फिरली की फिरण्याचा मध्य भारी माणसाकडे सरकतो. भारी माणूस छोटा वेढा घेतं, हलकं मोठा. इतकी वर्षं दोघी बरोबरीनं फिरायचा हट्ट धरत होत्या. आता केतकी मधोमध पाय रोवून जवळजवळ जागच्या जागी फिरायची, आणि भाग्यश्री तिच्याभोवती अशी घुमायची की तिची वेणी आडवी व्हायची. "अगं बाई, तू तर माझी मेढी!" भाग्यश्री ओरडली. मेढी म्हणजे खळ्यातला मधला खांब, ज्याच्याभोवती मळणी फिरते. केतकीला हे नाव कुठल्याही बक्षिसापेक्षा गोड लागलं.

आणि एक नियम त्यांनी ठरवला. जिला दमायला होईल तिनं मोठ्यानं तसं म्हणायचं. म्हटलं की वेग उतरवायचा, हात न सोडता उभं राहायचं, बाकीच्यांनी भोवती झिम्मा धरायचा. दम आला की पुन्हा सुरू.

"परीक्षकांना चालेल?" सायलीनं विचारलं.

"हात सुटलेला चालेल का त्यांना?" भाग्यश्रीनं सोललेलं कोपर दाखवलं. विषय संपला.

श्रावणातला शेवटचा मंगळवार. सांगलीचं नाट्यगृह बायकांनी फुलून गेलं होतं. भिंगरीचा खेळ सगळ्यांत शेवटी. पिंगा झाला, कोंबडा झाला, सासू-सुनेच्या भांडणावर हशा पिकला. मग केतकी आणि भाग्यश्री मध्ये आल्या, आणि हातांची तिढी पडली.

केतकीनं पाय रोवले. भाग्यश्री घुमायला लागली. टाळ्यांचा ठेका चढला, नऊवारीचे काठ एकमेकांत मिसळले. आणि ऐन रंगात केतकीचा खणखणीत आवाज आला, "दमले गं!"

नाट्यगृह चपापलं. फुगडी मंदावली, थांबली. हात मात्र घट्टच होते. भोवती झिम्मा उसळला. मध्ये दोघी एकमेकींचे हात धरून, धापा टाकत, एकमेकींकडे बघून हसत उभ्या. मग केतकीनं मान हलवली, आणि फुगडी पुन्हा उठली, पहिल्यापेक्षा जोरात. दुसऱ्यांदा भाग्यश्री ओरडली, "दमले!" आता प्रेक्षकांनीच टाळ्यांचा झिम्मा धरला. तिसरी फेरी संपली तेव्हा सगळं नाट्यगृह उभं होतं.

निवेदिका ध्वनिक्षेपक घेऊन धावत आली. आणि नेमकी तेव्हाच दिवेलागणीची वेळ झाली. प्रेक्षागृहात कुठं पुढच्या रांगेत, कुठं मागं, कुठं सज्जात, मनगटामनगटांतून एकच गोड आवाज उठला, "ताई, कसं वाटतंय?" एवढ्या जणींच्या दंडात वात असेल, हे त्यांच्यातल्या कुणालाही ठाऊक नव्हतं. निवेदिका हसली आणि तिनंही तेच विचारलं.

"केतकीताई, कसं वाटतंय?"

केतकीनं पदर खोचला, ताठ उभी राहिली आणि म्हणाली, "दमलेय! आणि खेळलेय!"

मग सज्जातून एक आवाज आला, "मी पण दमलेय!" मग दुसरा, मग दहा. बायका हसत होत्या, मनगटं तोंडाशी नेऊन आपापल्या बांगड्यांना ठणकावून सांगत होत्या. वर्षानुवर्षं कंटाळलेल्या बायका एका दमात दमल्या. पहिल्या रांगेत सुलभाताई उभ्या होत्या. त्यांच्या हातात यंत्राची बांगडी नव्हती, नुसत्या हिरव्या काचेच्या होत्या. त्या ओरडल्या नाहीत. सुनेकडे एकटक बघत टाळ्या वाजवत राहिल्या.

पहिला नंबर इस्लामपूरच्या गटाला गेला, भिंगरीला दुसरा मिळाला. त्याची कुणी फारशी दखल घेतली नाही; बायका केतकीभोवतीच गर्दी करून होत्या. मुजावरबाईंचा फोन आला. त्यांच्या पडद्यावर सांगली जिल्हा एका संध्याकाळीत मनाच्या बाजूकडून शरीराच्या बाजूला सरकला होता, आणि आता कंपनीला शब्दार्थ बदलायला चाचण्यांची वाट बघून चालणार नव्हतं.

परतताना गाडी तुषार चालवत होता. केतकी मागच्या सीटवर सासूशेजारी बसली होती. सुलभाताई डोळे मिटून मागे टेकल्या होत्या. दुपारपासून ताटकळून त्यांचे पाय सुजले होते, ते केतकीला दिसलं.

"आई, वाटेत चहाला थांबायचं का? फार वेळ बसलात. कंटाळा आला असेल."

सुलभाताईंनी डोळे उघडले. सुनेचा हात, बांगडीसकट, त्यांनी आपल्या मांडीवर ओढून घेतला.

"कंटाळा कशाला येईल, अशी सून बघून?" त्या म्हणाल्या. "दमलेय गं. पन्नास वर्षं झाली."